डाव्या बाजूचा शेवटचा पत्रा

भिलाईच्या पोलाद कारखान्यात मी बत्तीस वर्षं भंगार तपासलं. माझी सासुरवाडी नागपूरकडच्या रेल्वेवाल्यांची. "जावई भिलाईले कारखान्यात हायेत," इथपर्यंत ते मान ताठ ठेवून सांगायचे. "तिथी काय करते?" असा पुढचा प्रश्न आला की कुणीतरी घाईने चहाचं विचारायचं. त्यामुळे या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा असं सांगणं आलं, तेव्हा बायको म्हणाली, "लिहाच. एकडाव कळू तं द्या लोकाइले."

तर काम असं. पोलाद करायला भट्टीत नुसता लोखंडाचा रस ओतून भागत नाही, सोबत जुनं लोखंडही घालावं लागतं. ते देशभरातून रेल्वेच्या वाघिणींत भरून आमच्या यार्डात यायचं. त्यात एखादा बंद डबा असला आणि डब्यात पाणी अडकलेलं असलं, तर रसात पडताच त्या पाण्याची वाफ होते आणि भट्टीतला रस माणसांच्या अंगावर येतो. लष्कराच्या भंगारात तर न फुटलेला गोळाही निघू शकतो. म्हणून भट्टीत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या पोटात आधी डोकावून बघायचं, हे माझं काम. बत्तीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या मालाने कुणाचा केस जळला नाही. हे वाक्य मी आजवर कुणाला ऐकवलं नव्हतं, ते इथे लिहून घेतो.

माल मात्र एकेक नामी यायचा. शिलाई मशिनी डझनांनी यायच्या. जहाजाचे साखळदंड यायचे, त्यांची एक कडी उचलायला दोन माणसं लागायची. एकदा कुलूप न तुटलेली तिजोरी आली. तीन अधिकारी, सुरक्षेचे दोन जवान आणि मी अशा सहा जणांच्या देखत ती कापली. आत चष्म्याचं रिकामं घर आणि दोन डांबरगोळ्या होत्या. तीनही अधिकाऱ्यांनी आळीपाळीने आत हात घालून खात्री केली, हे मी स्वतः पाहिलं आहे.

ही गोष्ट आहे ऐंशीच्या दशकातली. आमचं राज्य तेव्हा मध्य प्रदेश होतं. लष्कराच्या भंगाराची एक वाघीण रिकामी करताना क्रेनने एक गाडी उचलून खाली ठेवली. चार चाकं, वरून उघडी, बाजूंना तिरपे जाड पत्रे, आणि ड्रायव्हरला समोर बघायला दोन फटी. दुसऱ्या महायुद्धातली टेहळणीची चिलखती मोटार होती ती. हिच्यावर तोफ नसते. पुढे जायचं, शत्रू कुठे आहे ते बघायचं आणि परत येऊन सांगायचं, एवढंच हिचं काम. मला ती एकदम आपल्यातली वाटली. आपणही लढत नाही, डोकावतो आणि सांगतो.

तिचे तुकडे करायचं काम मनहरणकडे होतं. मनहरण आमचा गॅस कटर, कुरुदचा. हात असा की रेघ मारल्यासारखं लोखंड कापायचा. त्याने ज्योत पेटवली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ज्योत विझवली. म्हणाला, "साहेब, एला काटे के मन नइ होवत हे." हिला कापायचं मन होत नाही म्हणे. पंधरा वर्षांत त्याने असं कधी म्हटलं नव्हतं, आणि माझंही तेच होत होतं.

आमचे मोठे साहेब दक्षिणेकडचे, बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. त्यांना सांगायला गेलो तर त्यांनी एकच विचारलं, "रख के करोगे क्या?" माझ्या तोंडून निघून गेलं, "चालू करूंगा साहब." असं काही मी ठरवलेलं नव्हतं. साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाले, "विश्वकर्मा पूजा. उस दिन अपने पहियों पे शेड से बाहर आई, तो रहेगी. नहीं आई, तो दूसरे दिन भट्ठी."

बाहेरच्यांसाठी सांगतो, विश्वकर्मा पूजा म्हणजे आमची खरी दिवाळी. त्या दिवशी यंत्रांना हार घालतात, अवजारं मांडून पुजतात, आणि एरवी गेटच्या आत पाऊल ठेवता येत नाही त्या बायकापोरांना कारखाना बघायला मिळतो. हातात दोन महिने होते. आपल्याकडे लोखंडातलं सगळं कळणारे लोक आहेत, त्यामुळे दोन महिने जास्तच झाले, असं मला वाटलं. हा माज होता, दुसरा शब्द नाही.

इंजिनाने त्रासच दिला नाही. आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. खुर्सीपारच्या एका ट्रकमिस्त्रीने ते मांडी ठोकून उघडलं आणि "ये तो अपने घर का है" म्हणत एका जुन्या ट्रकचं कार्बोरेटर त्यावर बसवलं. मला काळजी होती ती अंगावरच्या पत्र्यांची. ते गंजाने फुगले होते, मागे चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, सडत होती. म्हणून सगळे पत्रे खोलायचे, साफ करायचे आणि पुन्हा बसवायचे असं मी ठरवलं.

इथे मी ती चूक केली, जी आम्ही पोलादवालेच करू शकतो. आम्हाला लोखंड पांढरं शुभ्र दिसल्याशिवाय चैन पडत नाही. गंज म्हणजे घाण, घाण म्हणजे ग्राइंडर. दुसऱ्याच दिवशी मनहरण एका पत्र्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, इहां कुछु चिन्हा हे." काहीतरी खूण आहे. मी वाकून पाहिलं. छिन्नीने मारल्यासारख्या दोन-तीन बारीक रेघा होत्या. "जंग है, घिस डालो," असं मी सांगितलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घासून टाकल्या. चार दिवसांत दहाही पत्रे आरशासारखे झाले आणि मी ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होतो.

मग बसवायला घेतले. एक पत्रा लावायचा, त्याचे सगळे बोल्ट आवळायचे, मग दुसरा. नऊ बसले. दहावा, डाव्या बाजूचा मागचा, काही केल्या बसेना. भोकं बोटभर सरकलेली. सगळे खोलून पुन्हा दुसऱ्या क्रमाने लावले, तर आता उजव्या बाजूचा एक बाहेर राहिला. तिसऱ्यांदा पुन्हा डावा. दहा पत्र्यांची गाडी आणि आमच्याकडे कायम एक शिल्लक.

ही गाडी बनवली कुणी आणि कशी, हे कळल्याशिवाय जमायचं नाही असं वाटून मी जबलपूरला लष्कराच्या एका दप्तराला पत्र लिहिलं. इंजिनाशेजारच्या पितळी पट्टीवर कॅनडा असं लिहिलेलं होतं, तेही कळवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की या प्रकारच्या गाडीचे कागद आमच्याकडे नाहीत, तरी तिचा प्रकार कळवावा. तोच तर मी विचारत होतो.

पूजेला बारा दिवस उरले तेव्हा माझा धीर सुटला. "एक भोक मोठं करू," मी मनहरणला म्हटलं. ड्रिल लावून पाहिलं, ड्रिलचं टोक जळालं, पत्र्यावर चराही उठला नाही. शेवटी गॅस लावला. भोक मोठं झालं, आणि पत्रा निवत असताना टण्ण असा आवाज आला. भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी चीर गेली होती. युद्ध, ऊन, पाऊस सगळं सोसलेला पत्रा माझ्या हातून दहा मिनिटांत तडकला. मनहरणने नळ्या गुंडाळून ठेवल्या. मला आपली खूप लाज वाटली.

त्या संध्याकाळी घरी जेवताना मी सगळं सांगून टाकलं. जाता जाता हेही सांगितलं की ड्रायव्हरच्या सीटखालच्या एका पट्टीवर, जिथे ग्राइंडर पोचला नाही, तिथे रेल्वेचा ठप्पा सापडलाय. बायको वाढता वाढता थांबली.

"रेल्वेचा ठप्पा हाये?"

"हो. पण वाघिणीतून आली, तेव्हा कुणी मारला असेल."

"मालावर खडूनं लिहितेत, ठप्पा नाई मारत. रेल्वेचा ठप्पा हाये तं रेल्वेच्या मान्साले पुसा ना. जबलपूरले कावून चिठ्ठ्या लिहून राहिले?" रेल्वेवाल्याची मुलगी ती. दीड महिना मी तिला काही विचारलं नव्हतं. मग म्हणाली, "चरोद्याले मेश्राम काका राहातेत, माह्या मामाचे दोस्त. लढाईच्या वक्ती ते वर्कशॉपात होते. काय तरी लोखंडी गाड्या बनवल्या मनून सांगत, तं सारे हासत. रेल्वे कधी मोटारी बनवते का, मनत."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. स्कूटर काढून चरोद्याला गेलो. मेश्राम काका मुलाच्या रेल्वे क्वार्टरपुढे खाटेवर बसून अंबाडीची भाजी निवडत होते. वय सत्तरच्या जवळ, अंगाने काटक, उजवा कान पार गेलेला. बॉयलरचे पत्रे जोडण्यात सगळी नोकरी गेली, त्यात कान गेला. मी गाडीचं वर्णन करू लागलो. तिरप्या पत्र्यांपर्यंत पोचलो, तोच त्यांनी भाजी बाजूला सारली.

"पुढं दोन फटी हायेत?"

"आहेत."

"आन् सीटखाली पट्टी?"

"आहे. तिच्यावर ठप्पा पण आहे."

त्यांनी घरात तोंड करून जोरात हाक मारली, "ऐकलं का वं! भेटली!" आत काकू होत्या. काय भेटलं ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक असणार.

मग काकांनी सांगितलं ते असं. लढाईच्या दिवसांत कॅनडाहून नुसत्या चेसिस जहाजाने यायच्या. इंजिन, चाकं, आणि ड्रायव्हरला बसायला लाकडी पेटी, बस. पत्रे इथलेच, इथल्याच पोलादाचे. आणि दोन्ही जोडायचं काम रेल्वेच्या वर्कशॉपना दिलेलं, कारण जाड पत्रे जोडायची अक्कल तेव्हा बॉयलरवाल्यांकडेच होती. नागपूर-कलकत्ता लाइनवरच्या एका वर्कशॉपात डब्यांची एक शेड रिकामी केली आणि तिथे काकांची टोळी लावली. दहा पत्रे आधी नरम असताना गाडीवर लावून बघायचे, खोलायचे, मग ते ताव द्यायला जायचे. तापवून, तेलात विझवून ते इतके टणक होऊन परत येत की त्यांना पुन्हा ड्रिल लागत नसे.

मला माझं जळालेलं ड्रिल आठवलं.

स्कूटरवर मागे बसवून त्यांना शेडमध्ये आणलं. गेटवर पासासाठी अर्धा तास गेला. गाडीपाशी आल्यावर काकांनी आधी चपला काढल्या. मग जमिनीवर रचलेला एकेक पत्रा उलटा करून आतला कोपरा बोटाने चाचपला. चार पत्रे झाल्यावर थांबले.

"खुना कुठी हायेत, जवाईबापू?"

"घासल्या," मी म्हटलं.

आता आमच्याकडची रीत अशी की सासुरवाडीकडच्या वडीलधाऱ्याने जावयाला रागवायचं नसतं. जावयाने घर पेटवलं तरी त्याला आधी पाणी विचारायचं. काका माझ्याकडे बघून मान हलवत हसले, आणि वळून मनहरणवर तुटून पडले. "तुले अक्कल हाये का रे? ताव द्यायच्या आंदी, लोखंड नरम असतानी, छिन्नीनं खुना मारत होतो आमी! एक रेघ मंजे पैले लावाचा, दोन मंजे त्याच्या मांगून. कोनी आपल्या दाराची पाटी घासून फेकते काय?" मनहरणला मराठी अर्धीच कळत होती, पण रोख पूर्ण कळत होता. तो माझ्याकडे बघत गंभीर चेहऱ्याने "हव कका, हव कका" म्हणत राहिला. त्याने माझं नाव घेतलं नाही. दहा मिनिटं तो माझ्या वाटणीच्या शिव्या खात उभा होता आणि मी जावईबापू म्हणून स्टुलावर बसलो होतो. शेवटी मीच उठून म्हटलं, "काका, त्यानं मला सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही." काका मनहरणच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चाल, पाना आन."

क्रम तोंडाने सांगा म्हटलं तर त्यांना सांगता येईना. "इचारू नोका. चाळीस-पंचेचाळीस साल झाले." पण हातात पाना घेऊन चेसिसच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसल्यावर त्यांचा हात आपोआप मागच्या बाजूला गेला. "हा. आंदी मांगचा." मग उठून ते पुढच्या उजव्या कोपऱ्याकडे गेले. डोकं विसरलं होतं, पावलांना आठवत होतं. एक पत्रा झाला की दुसरा कुठला, हे ते चालून सांगत होते. मनहरण मागे खडू घेऊन फिरत पत्र्यांवर रेघा मारत होता.

आणि खरी गोम निघाली ती वेगळीच. पहिला पत्रा लावून आमचा फिटर सवयीने बोल्ट आवळायला लागला, तसा काकांनी त्याचा हात धरला. "आवळू नोको! दोन आटे दे आन् सोड." ताव दिल्यावर पत्रा थोडा वाकतोच, प्रत्येक पत्रा आपापल्या परीने. एकाला घट्ट आवळलं की त्याचं वाकणं दुसऱ्याच्या माथी जातं, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, आणि सगळ्यांचं मिळून बोटभर अंतर शेवटच्याच्या नशिबी येतं. म्हणून दहाही पत्रे ढिले लटकवायचे. भोकांत निमुळत्या सळया घालून त्यांना एकमेकांत जागा करून द्यायची, आणि मगच आवळायला घ्यायचं. तेही मधून कडेकडे, समोरासमोर, एका वेळी अर्धा फेरा. आम्ही प्रत्येक पत्रा पक्का करून पुढे जात होतो आणि त्यालाच चांगलं काम समजत होतो.

पूजेला तीन दिवस असताना मोठे साहेब शेडमध्ये आले. गाडीचे दहाही पत्रे खडखडत लोंबत होते. भांड्यांची गाडी निघावी तसा आवाज. साहेब म्हणाले, "ये तो पहले से भी ढीली है," आणि निघून गेले. त्यांचा एक मदतनीस भट्टीच्या यादीचा कागद माझ्या टेबलावर ठेवून गेला, सही तेवढी बाकी होती. काकांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. ते डाव्या बाजूला वाकून अर्धा फेरा, अर्धा फेरा करत होते.

तडकलेला पत्रा बदलता येणार नव्हता. काकांनी आतून एक पट्टी दिली आणि शेजारच्या जुन्या भोकांतून बोल्ट घेऊन चीर जागीच धरून ठेवली. ती चीर बाहेरून आजही दिसते आणि ती माझी आहे.

आदल्या दिवशी दुपारी डाव्या बाजूच्या त्या शेवटच्या पत्र्यातली निमुळती सळई काकांनी काढली आणि बोल्ट नुसत्या बोटांनी आत सरकवला. हातोडी लागली नाही. मनहरणने तोच बोल्ट काढून पुन्हा सरकवून पाहिला, मग फिटरने, मग मी. माझे डोळे भरून आले, आणि शेडमध्ये धूर फार होतो असं काहीतरी मी बोललो.

पूजेच्या दिवशी शेड माणसांनी फुलली होती. रंगीत साड्या, नवे शर्ट, प्रसादाची बुंदी. गाडीच्या नाकावर हार आणि पुढे फोडलेला नारळ. खुर्सीपारचा मिस्त्री स्टिअरिंगपाशी बसला. साहेब हात मागे बांधून उभे. पहिल्यांदा इंजिन खोकलं आणि बंद पडलं. दुसऱ्यांदाही तेच. माझी बायको दारापाशी पदर दातात धरून उभी होती. तिसऱ्यांदा आठही सिलिंडर एकदम बोलले आणि शेडच्या पत्र्यांवरची कबुतरं उडाली.

मी काकांना धरून गाडीजवळ नेलं. "बसा काका, मान तुमचा."

त्यांनी मान हलवली. "मी नाई बसत. आत बसून मले काय दिसन?" मला कळेना. मग माझ्या कानाशी तोंड आणून ते ओरडले, "आमच्या शेडीत इंजन चालू कराची मनाई होती, जवाईबापू. आमी पत्रे लावाचो आन् धकलून दुसऱ्या शेडीत द्याचो. तिथून तिरपालाखाली वाघिनीवर. एवढ्या गाड्या बनवल्या, चालतानी एक नाई पायली."

गाडी हलली. शेडच्या उंबऱ्यावरून धडधडत उतरली, एकही पत्रा वाजला नाही, आणि ती उन्हात रस्त्याला लागली. लोक टाळ्या वाजवत बाजूला झाले. काका आधी चालत आणि मग सत्तरीचे पाय टाकत चक्क पळत तिच्या मागे निघाले.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ठोंबरे, लिस्ट से काट दो. इसको कोई हाथ नहीं लगाएगा."

मी काकांकडे धावत सुटलो. रस्त्याच्या कडेला गाठून त्यांच्या डाव्या, चांगल्या कानाशी ओरडलो, "काका, वाचली! गाडी वाचली! साहेबांनी सांगितलं..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. हाताने मला बाजूला सारलं. गाडी पुढच्या वळणावर होती, तिरप्या पत्र्यांवर ऊन घेत सावकाश वळत होती.

"थांबा ना, जवाईबापू," ते म्हणाले. "पाहू द्या मले."